वाचकांचे प्रश्न: चिनी संस्कृतीचा कोर्स, ड्रॅगन आणि कंदील सोडून

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कॉलेजात चिनी संस्कृतीचा कोर्स पहिल्यांदा शिकवला त्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली होती, तर त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय या वेळी बाजूलाच ठेवावे लागले. चार पत्रं घेतेय, थोडी छाटून.

प्रश्न: ताई, मी इतिहास शिकवते. पुढच्या सेमिस्टरला ‘चिनी संस्कृतीची ओळख’ हा इलेक्टिव्ह माझ्या गळ्यात पडलाय. १५ आठवडे, आठवड्याला दोन तास. मला चिनी भाषा येत नाही. शांग, चौ, छिन, हान, थांग, सोंग अशा राजवटी आठवड्यांमध्ये वाटून टाकल्यात आणि शेवटचे दोन आठवडे सण आणि खाणंपिणं. चालेल ना?

उत्तर: चालेल हो, पण मुलं झोपतील. मी अगदी हेच केलं होतं. नवव्या आठवड्यात कशीबशी थांग राजवटीपर्यंत पोचले आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, यातलं आज तिथल्या माणसाला काय लागतं?" मला धड उत्तर देता येईना. राजवटींची यादी एका पानावर झेरॉक्स करून द्या, पहिल्या तासाला एकदा वाचा आणि सोडून द्या.

त्यापेक्षा एखादी गोष्ट धरा जी तिकडे शेकडो वर्षं चालली, जिच्यावरून तिथलेच लोक आपापसात भांडले, आणि जी मुलांना स्वतःच्या अंगावर ओळखता येते. माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे परीक्षा. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सुई राजवटीत सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू झाली आणि ती बंद झाली थेट १९०५ मध्ये, म्हणजे राजवटी आल्या गेल्या पण परीक्षा काही सुटली नाही. यात कन्फ्यूशियस आपोआप येतो, कारण अभ्यासाला त्याच्याच परंपरेतले ग्रंथ होते. बायकांना बसायला परवानगी नव्हती, त्यामुळे घर, लग्न, मुलाच्या शिक्षणासाठी आख्खं कुटुंब राबणं, हेही येतं. सुलेखन येतं, कागद येतो, कॉपीसुद्धा येते, कारण अंगातल्या सदऱ्यावर बारीक अक्षरांत उतरवलेले ग्रंथ संग्रहालयांतून आजही बघायला मिळतात. (हा फोटो दाखवा. वर्ग जागा होतोच.)

एक प्रयोग नक्की करा. नानजिंगच्या परीक्षा केंद्रात ऐन भरात २० हजारांवर खोल्या होत्या, खोली कसली, तीन बाजूंनी भिंत असलेला कोनाडाच. आत दोन फळ्या. दिवसा एक फळी वरच्या खाचेत टाकली की टेबल आणि खालची बसायला, रात्री दोन्ही खाली घेतल्या की पलंग, तोही पाय मुडपूनच झोपायचा. तीन फेऱ्या मिळून नऊ दिवस हे चालायचं. मी वर्गात जमिनीवर खडूने तेवढा चौकोन आखते, एकाला त्यात बसवते आणि बाकीचा सगळा तास त्याने तिथूनच नोट्स घ्यायच्या. २० मिनिटांत तो कुरकुरायला लागतो, आणि मग या परीक्षेत आयुष्यभर नापास होणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं.

कारण पुढचं वाचन तेच आहे. लू शुन या चिनी लेखकाची ‘खोंग ईची’ ही १९१९ ची कथा, जेमतेम काही पानांची. दारूच्या गुत्त्यात आखूड कपड्यातले कष्टकरी बाहेर उभ्याने पितात, लांब झगेवाले आत बसून पितात, आणि खोंग ईची हा एकटाच असा की अंगात लांब झगा आहे पण पितो उभ्याने. एवढ्या एका ओळीत त्या समाजाची सगळी उतरंड आलीय, शिकला पण पास झाला नाही, खाली उतरायची लाज आणि वर जायची ऐपत नाही. तिथून थेट आजवर या. माओच्या काळात, सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली कॉलेज प्रवेशाची परीक्षा, काओखाओ, १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले, २०२४ मध्ये नावनोंदणी होती १ कोटी ३४ लाख. आणि २०२३ मध्ये नोकरी न मिळालेली तिथली पदवीधर पोरं ऑनलाइन काय लिहीत होती, तर आमची डिग्री म्हणजे खोंग ईचीचा झगा, अंगातून काढताही येत नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उशिरा का होईना उत्तर मिळालं.

हे सगळं सहा आठवडे आरामात चालतं. बाकीच्यांत गहू खाणारा उत्तर आणि तांदूळ खाणारा दक्षिण भाग, ५६ मान्य वांशिक गट (हान लोक ९१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाकीचेही काही कोटी होतात हे विसरू नका), आणि एक चित्र. एकच. १२ व्या शतकातल्या चांग त्सतुआनचं नदीकाठच्या शहराचं चित्र, उंची जेमतेम २५ सेंटीमीटर आणि लांबी पाच मीटरच्या वर. ते स्क्रीनवर आख्खं दाखवू नका, अजिबात. लांब पट्टीवर प्रिंट काढा आणि गुंडाळी करून दोघांच्या हातात द्या, उजव्या टोकापासून सुरू करून एकाने डावीकडे उलगडत जायचं, दुसऱ्याने उजवीकडे गुंडाळत जायचं, एका वेळी हातभरच दिसलं पाहिजे, कारण ते बघायची रीतच ती आहे. आधी शेतं, झाडं, मग होड्या, मग पूल, आणि पुलाशी आलं की डोलकाठी खाली घेत असलेली एक होडी, पुलाला धडकते की काय म्हणून वरून लोक ओरडतायत. आमच्या वर्गात दर वर्षी इथे कुणीतरी "अरे थांब थांब" म्हणतंच.

चिनी येत नाही याचं फार मनावर घेऊ नका. अनुवादातून शिकवतोय हे मुलांना सांगून टाका आणि एकाच छोट्या मजकुराचे दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवा. थांग काळातला कवी ली बाई (बाई नव्हे, बुवा) याची चांदण्या रात्री घर आठवण्याची कविता घ्या, चार ओळी, ओळीला पाच अक्षरं, एकूण २० फक्त. त्यातलं पहिलंच अक्षर पलंग की विहिरीचा कठडा यावर तिकडचे अभ्यासक अजून वाद घालतात. कवी खोलीत आहे की अंगणात, हेच त्यावर ठरतं. मुलं तासभर भांडतात, आपण फक्त फळा पुसायचा.

प्रश्न: कोर्समध्ये थोडीतरी भाषा घालावी असं मला वाटतं पण सहकारी म्हणतात की दोन तासांत कुणाला चिनी येणारे? नावांचे उच्चार तरी कसे शिकवायचे, प्रत्येक पुस्तकात वेगळं स्पेलिंग.

उत्तर: सहकारी बरोबर बोलतायत पण भाषा यावी म्हणून नाहीच घालायची ती. उच्चारांवरून किती गोष्टी ठरतात एवढं दिसलं तरी पुरे. नववर्षाला दारावर ‘फू’ म्हणजे सुख-समृद्धी हे अक्षर अनेक घरांत मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण ‘उलटा’ आणि ‘आला’ या दोन्हींचा उच्चार ‘ताओ’, म्हणजे फू उलटा झाला म्हटलं की सुख घरी आलं. घड्याळ भेट देत नाहीत, कारण ‘घड्याळ देणं’ हे ऐकायला ‘अंत्यविधीला पोचवणं’ सारखं लागतं. चार आकड्याला लोक बिचकतात ते तो ‘मरण’ या शब्दाच्या जवळ वाजतो म्हणून. याला अंधश्रद्धा म्हणून हसायच्या आधी भाषेतली गंमत म्हणून बघा म्हणावं.

आता उच्चार. इथे आपली बाराखडी रोमन स्पेलिंगपेक्षा खूप कामाची आहे आणि हे कुणी सांगतच नाही! १९५८ पासूनच्या पिनयिन पद्धतीत बी, डी, जी ही रोमन अक्षरं आपल्या ब, द, ग साठी नाहीतच, ती प, त, क च्या जवळची आहेत, आणि पी, टी, के म्हणजे फ (दोन्ही ओठ मिटून काढलेला), थ, ख. चिनीत फरक आहे तो श्वासाचा, प आणि फ मधला, जो मराठी मुलाला पहिलीपासून माहीत असतो. म्हणून बीजिंगचा खरा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो (मीही सवयीने बीजिंगच लिहिते, जाऊ द्या). ‘मार्ग’ या अर्थाचा तत्त्वज्ञानातला शब्द जुन्या पुस्तकात ‘ताओ’ आणि नव्यात ‘दाओ’ का दिसतो ते यातून लगेच सुटतं, उच्चार एकच, रोमन पद्धत बदलली. लाओझी या तत्त्वज्ञाच्या नावातलं शेवटचं व्यंजन तर आपल्या ‘चाक’ मधला च आहे.

आणि नाती. इंग्रजी अनुवादातल्या ‘अंकल’ने सगळा घोळ होतो, चिनीत वडिलांचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि आईचा भाऊ यांना वेगवेगळे शब्द आहेत. काका-मामा म्हणणाऱ्या पोरांना हे समजावायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न: सर म्हणतात संस्कृतीचा कोर्स आहे, राजकारण नको, माओ आणि सांस्कृतिक क्रांती वगळा. मी नवीन आहे, काय करू?

उत्तर: वगळलं तर कोर्समध्ये जे काही उरेल ते पर्यटन खात्याचं माहितीपत्रक होईल. पण सरांशी वाद घालत बसू नका, वेगळ्या दाराने या. ‘कन्फ्यूशियसचं काय काय झालं’ असा एक तास ठेवा. १९१९ च्या आसपास नव्या विचारांची तरुण मंडळी त्याची जुनाट म्हणून हेटाळणी करतायत. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीजिंगहून गेलेले रेड गार्ड, म्हणजे माओची तरुण पोरं, त्याच्या गावी, छूफूला, देवळात आणि कबरस्तानात तोडफोड करतात. २००४ मध्ये त्याच्याच नावाच्या संस्था सरकार परदेशात काढायला लागतं. आणि जानेवारी २०११ मध्ये थ्येनआनमन चौकाच्या कडेला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, त्याचा साडेनऊ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभा राहतो आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत तिथून उचलला जातो, धड स्पष्टीकरण नाही, काही नाही.

का उभारला, का हलवला, यावर मुलांना लिहू द्या. सरांना सांगा, शिल्पकलेचा तास आहे.

प्रश्न: मुलांना फूड फेस्टिव्हल हवाय, शिवाय मार्क कसे द्यायचे तेही सांगा.

उत्तर: घ्या फेस्टिव्हल, पण प्रत्येक पदार्थाजवळ एक चिठ्ठी हवी, यातलं काय कधी आणि कुठून आलं. सिचुआनचं जहाल जेवण म्हटलं की हजारो वर्षांची परंपरा डोळ्यासमोर येते, पण मिरची मूळची अमेरिका खंडातली, चीनमध्ये पोचली १६ व्या शतकाच्या शेवटाकडे. जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी मात्र तिथलीच, फार जुनी. चहाच्या टेबलावर शब्दांचा नकाशा लावा, जिथे खुष्कीच्या मार्गाने गेला तिथे बहुतेक ‘चा’, फुच्येन किनाऱ्यावरून डच जहाजांनी नेला तिथे ‘ते’, आणि त्यातूनच टी.

मार्कांचं म्हणाल तर लेखी पेपर अर्ध्यावर आणा. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, पंखा, चॉपस्टिक, लाल पाकीट, काहीही, आणि तिच्यावर चार पानं. अट एकच, ‘चिनी लोक असं मानतात’ हे वाक्य वापरलं की एक मार्क कट, कुठले लोक, कधी, कुठे, ते लिहायचं. ही अट घातली त्या पहिल्या वर्षी एकीचे असे सात मार्क गेले, ती माझ्याकडे आली, आम्ही दोघींनी मिळून त्याआधीच्या वर्षीच्या माझ्या पीपीटी उघडल्या आणि मोजलं तर माझे अकरा गेले असते.