वाचक विचारतात : ‘बेंगाल’ने जपानी जहाज बुडवले का?

प्रश्न : आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत होते. त्यांच्या कागदावर ‘एच.एम.आय.एस. बेंगाल, जे २४३’ असे आहे. घरात तिला कॉर्व्हेट (ताफ्याची राखण करणारी छोटी युद्धनौका) म्हणतात, पण एका पुस्तकात ती माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग काढणारी नौका) निघाली. खरे काय? तिने एकटीने जपानी जहाज बुडवल्याचेही ऐकतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कॉर्व्हेट आणि माइनस्वीपर, दोन्ही नावे बरोबर. ‘बाथर्स्ट’ वर्गाच्या ६० नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या, त्यातल्या चार हिंदुस्थानच्या आरमारासाठी : बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. सरकारी नाव माइनस्वीपर, म्हणूनच क्रमांकाआधी ‘जे’ (कॉर्व्हेटला ‘के’ असते). पण काम ताफ्याच्या राखणीचे, त्यामुळे खलाशांच्या तोंडी कॉर्व्हेट. सुमारे १८६ फूट लांब, वेग जेमतेम १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी). बेंगाल सिडनीच्या कोकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आली.

आता लढाई. ११ नोव्हेंबर १९४२. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे जाणाऱ्या ‘ओंदिना’ या डच टँकरसोबत बेंगाल होती. कोकोस बेटांच्या नैऋत्येला ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही दोन जपानी जहाजे समोर आली. दोन्ही दहा हजार टनांवरची, प्रवासी-मालवाहू जहाजांवर तोफा चढवून तयार केलेली. त्यांच्या १४ सेंमी तोफेचा गोळा ३८ किलोचा. बेंगालच्या १२-पौंडी तोफेचा गोळा साडेपाच किलोच्या आसपास! तरीही लेफ्टनंट-कमांडर विल्सन यांनी टँकरला पळायला सांगून नौका सरळ शत्रूच्या अंगावर घातली. यात धाडस होतेच, पण हिशेबही होता : समोरून येणारी नौका अरुंद लक्ष्य असते, आणि हलकी तोफ जवळूनच काही करू शकते.

‘होकोकु’च्या उजव्या बाजूच्या टॉर्पेडो नळ्यांवर गोळा बसला, आग पिछाडीच्या दारूकोठारापर्यंत गेली आणि जहाज फुटले. चिलखत नसलेल्या जहाजाच्या डेकवर टॉर्पेडो आणि विमानांचे पेट्रोल असले की एवढेच पुरते. तो गोळा कोणाचा? त्या काळच्या प्रचाराने श्रेय बेंगालला दिले. आमचे मत ‘ओंदिना’च्या बाजूने झुकते : तिच्याकडे ४ इंची तोफ होती, गोळे फक्त ३२, आणि पळण्याचा हुकूम असूनही ती गोळे टाकत राहिली. बेंगालने शत्रूचे लक्ष वेधले नसते तर मात्र ‘ओंदिना’ला तेवढा वेळ मिळाला नसता. गोळे संपत आल्यावर बेंगाल मागे फिरली. तिच्यावरचा माणूस एकही दगावला नाही.

प्रश्न : ‘आयकोकु’चे दोन टॉर्पेडो लागूनही ‘ओंदिना’ टँकर तरला कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टाक्या रिकाम्या होत्या. टँकरच्या पोटात आडवे-उभे पडदे घालून वेगवेगळ्या टाक्या केलेल्या असतात. एक-दोन फुटल्या तरी बाकीच्यांतली हवा जहाज उचलून धरते.  जहाज कलले आणि कप्तान होर्समन मारले गेले होते. खलाशी होड्यांत उतरले, तर ‘आयकोकु’ने होड्यांवरही मशिनगन चालवली आणि मग ती निघून गेली. खलाशी परत चढले, आग विझवली आणि १८ नोव्हेंबरला जहाज फ्रीमँटलला आणले. ‘आयकोकु’ पुढे फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांजवळ अमेरिकी विमानांनी बुडवली.

प्रश्न : बेंगालचे पुढे काय झाले?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : फाळणीत भारताकडे राहिली. १९६० मध्ये भंगारात निघाली.