आज्ञा दिली, पण पडद्यावर काहीच आलं नाही

प्रश्न : ताई, मकरपुऱ्याला औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. ४० माणसं, स्वतःचा मेल सर्व्हर, त्यावर रद्दी मेल ओळखणारं स्पॅमअसॅसिन. हे सगळं मी बघतो. मागच्या महिन्यात जुन्या गिऱ्हाइकाची चौकशीची मेल ९ दिवस स्पॅममध्ये पडून राहिली. साहेब म्हणाले, सगळ्यांसाठी माहितीपुस्तिका लिही. मी ४२ पानं लिहिली, एकेक सेटिंग समजावून सांगितली. पण कोणी ती उघडतच नाही, अजूनही सगळे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. पुस्तिका आणि त्या मेलचं हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळी, सोबत पाठवतोय. माझं काय चुकलं?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : तुमची ४२ पानं मी दोनदा वाचली. एवढं मन लावून लिहिलेलं कोणी उघडत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. मजकुरात चुका फारशा नाहीत. पण तुमची अनुक्रमणिका म्हणजे ‘लोकल.सीएफ’ या स्पॅमअसॅसिनच्या सेटिंग्जच्या फाइलचीच अनुक्रमणिका झाली आहे. फाइलमध्ये सेटिंग्ज ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने पुस्तिकेची प्रकरणं. ज्याची मेल हरवली आहे त्या माणसाला त्या फाइलचं नावही ठाऊक नसतं. तो तुमच्याकडे येऊन म्हणतो, “काल त्यांनी कोटेशन पाठवलंय म्हणतात, मला आलं नाही.” हे वाक्य तुमच्या ४२ पानांत कुठेच नाही.

आठवडाभर टेबलावर एक वही ठेवा. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. शनिवारी वही उघडाल तेव्हा सात-आठ वाक्यं पुन्हापुन्हा आलेली दिसतील. तेच तुमचे मथळे. कर्मचाऱ्यांची पुस्तिका दोन पानांची होईल. उरलेला मजकूर तुमच्या जागी उद्या जो येईल त्याच्यासाठी वेगळा ठेवा, त्यालाही त्याची गरज पडणार आहे. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये हे सॉफ्टवेअर सुरू केलं आणि २००४ मध्ये ते अपाचे या संस्थेकडे गेलं, ही माहिती तिथे शेवटच्या पानावर शोभेल.

पहिल्या परिच्छेदात एक गोष्ट ठणठणीत लिहा : स्पॅमअसॅसिन कुठलीही मेल पुसत नाही आणि हलवतही नाही. ते फक्त गुण देतं आणि मेलच्या डोक्यावर शेरा लिहितं. मेल फोल्डरात टाकणं किंवा दारातूनच परत पाठवणं हे काम दुसऱ्या प्रोग्रामचं. हे न सांगितल्यामुळे लोक मेल शोधत बसतात एका ठिकाणी आणि ती असते दुसऱ्याच ठिकाणी. त्याच्या जोडीला ‘रिपोर्ट_सेफ’ या सेटिंगचंही लिहा. ते मुळात १ वर असतं, त्यामुळे संशयित मेल अहवालाच्या पाकिटात घालून, जोडपत्र बनून येते. हे माहीत नसलेला माणूस ते चमत्कारिक पान बघून घाबरतो आणि डिलीट करून मोकळा होतो.

आता तुमच्या गिऱ्हाइकाच्या मेलकडे वळू. त्यातली ओळ अशी आहे : ‘एक्स-स्पॅम-स्टेटस : येस, स्कोर=५.४, रिक्वायर्ड=५.०’, पुढे चाचण्यांची नावं – बेज_९९, बेज_९९९, यूआरआयबीएल_ब्लॅक, एचटीएमएल_मेसेज. ही एक ओळ वाचायला शिकवणं हेच तुमच्या पुस्तिकेचं सगळ्यात मोठं काम, आणि तुम्ही ते ३१व्या पानावर ढकललंय. ५.० ही मूळची मर्यादा, तेवढे गुण झाले की मेल रद्दी ठरते. बेज_९९ आणि बेज_९९९ म्हणजे आधी शिकलेल्या मेलींवरून प्रोग्रामची जवळजवळ खात्री झाली आहे की ही रद्दी आहे. यूआरआयबीएल_ब्लॅक म्हणजे मेलमधल्या एखाद्या दुव्याचं डोमेन काळ्या यादीत सापडलं. एचटीएमएल_मेसेजचे गुण नाममात्र. म्हणजे मोठा भार शिकवणीवर आहे : तुमच्या प्रोग्रामला चौकशीच्या मेली ‘रद्दी’ म्हणून शिकवल्या गेल्यात. तुमच्या पुस्तिकेत मात्र यावर उपाय काय? “मर्यादा ८ करा.” का, ते लिहिलेलं नाही. तसं केलं तर ही मेल येईल आणि तिच्या पाठोपाठ सहा-सात गुणांची सगळी रद्दीही आत येईल. चूक शिकवणीत आहे, तर दुरुस्तीही तिथेच करायला हवी. ती मेल ‘एसए-लर्न’ या शिकवण्याच्या आज्ञेला ‘हॅम’, म्हणजे खरी मेल, म्हणून द्या.

शिकवणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे मी सोसलेलं आहे. रावपुऱ्यातल्या एका कार्यालयाची मेल मी सांभाळत होते. रोज संध्याकाळी रद्दी मेली वेचायच्या आणि ‘एसए-लर्न --स्पॅम’ला द्यायच्या. पडद्यावर रोज उत्तर यायचं की इतक्या मेलींतून शिकलो. तीन आठवडे हे चाललं आणि रद्दी तसूभरही कमी झाली नाही. मग एका रात्री हेडर नीट पाहिलं, तर त्यात ‘बेज’ नावाची एकही चाचणी नव्हती. मी आज्ञा ‘रूट’ म्हणजे यंत्राचा मुख्य वापरकर्ता म्हणून देत होते, आणि गाळणी चालत होती दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने. प्रत्येक वापरकर्त्याची शिकवणी त्याच्या स्वतःच्या घरच्या फोल्डरात साठते. माझी तीन आठवड्यांची मेहनत रूटच्या घरात जमा होत होती आणि तिथे तिला कोणीही विचारत नव्हतं. ज्या वापरकर्त्याच्या नावाने गाळणी चालते त्याच्याच नावाने शिकवा, हे मूळ इंग्रजी कागदपत्रांत होतं, पण मी आज्ञा जिथून उचलली तिथे नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रत्येक आज्ञेच्या वर एक ओळ हवी : कुठल्या यंत्रावर, कुठल्या नावाने. आणि खाली दुसरी ओळ : झालं हे कसं कळेल. शिकवणीच्या बाबतीत ती पडताळणी ‘एसए-लर्न --डम्प मॅजिक’. त्यात रद्दी किती आणि खऱ्या किती शिकल्या, ते आकडे दिसतात. दोन्ही बाजूंच्या २०० मेली होईपर्यंत बेज तोंडच उघडत नाही, ही मूळची अट आहे. ती तुमच्या पुस्तिकेत नाही. १५० मेली शिकवून “काही फरक नाही” म्हणत सोडून देणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा? आणि खऱ्या मेलीही २०० लागतात हे मोठ्या अक्षरांत छापा, कारण रद्दी सगळे शिकवतात, खऱ्या मेली शिकवायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सेटिंग्जची फाइल तपासणाऱ्या ‘स्पॅमअसॅसिन --लिंट’ या आज्ञेबद्दलही तेच. फाइलमध्ये चूक नसेल तर ही आज्ञा काहीही छापत नाही. तुम्ही लिहिलंय “लिंट चालवून खात्री करा”, आणि तुमच्या जागी आलेला नवखा मुलगा रिकाम्या पडद्याकडे बघत बसेल. लिहा : पडद्यावर काहीच आलं नाही तर सगळं ठीक आहे. त्यानंतर ‘स्पॅमडी’ हा मागे सतत चालणारा प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा, नाहीतर लोकल.सीएफमधला बदल त्याच्या लक्षातच येणार नाही, हेही त्याच जागी.

एक गोष्ट मात्र आजच पुस्तिकेतून काढा. १८व्या पानावर तुम्ही स्वतःच्या कंपनीचं डोमेन ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’ या विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत घालायला सांगितलंय. पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. उद्या एखादा भामटा तुमच्या साहेबांच्या नावाने हिशेब विभागाला “ताबडतोब पैसे पाठवा” अशी मेल धाडेल आणि तुमची गाळणी तिला हात जोडून आत घेईल. त्याऐवजी ‘वेलकमलिस्ट_ऑथ’ वापरा. ते एसपीएफ किंवा डीकेआयएम ही पाठवणाऱ्याच्या खरेपणाची पडताळणी पास झाल्यावरच सवलत देतं. नाव नवं वाटेल : डिसेंबर २०२२ मध्ये ४.० ही आवृत्ती आली तेव्हा ‘व्हाइटलिस्ट’चं ‘वेलकमलिस्ट’ झालं आणि ‘ब्लॅकलिस्ट’चं ‘ब्लॉकलिस्ट’. तुमच्याकडे ३.४ असेल तर जुनंच नाव लागेल. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्ती आणि तारीख घाला.

प्रश्न : आमच्या ट्रस्टच्या कार्यालयात निम्मे लोक मराठी, निम्मे गुजराती. मेलच्या सूचना कुठल्या भाषेत लिहू? इंग्रजीत लिहिल्या तर सगळ्यांना सारख्याच अवघड जातात.
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : दोन्ही भाषांत लिहा, शेजारी-शेजारी, एकाच कागदावर. आपल्या बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा कोश करवून घेतला तो अनेक भाषांचा.

पडद्यावर जे शब्द इंग्रजीत दिसतात ते बदलू नका. बटणावर ‘जंक’ असेल तर कागदावरही ‘जंक’च. त्याचं ‘निरुपयोगी टपाल’ केलंत तर माणूस बटण शोधत बसेल. बाकीचं मात्र बोलतो तसं लिहा. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला मी ‘चुकून अडकलेली मेल’ म्हणते, ‘हॅम’ला ‘खरी मेल’. लिहून झालं की कार्यालयातल्या सगळ्यात कमी संगणक वापरणाऱ्या बाईंच्या हातात कागद द्या, शेजारी बसा आणि तोंडातून एक शब्द काढू नका. त्या जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण करा. दुसरा मसुदा तिथूनच सुरू करायचा.

प्रश्न : गाळणी चालू आहे की नाही हे खऱ्या रद्दीची वाट न बघता कसं तपासायचं? पुस्तिकेत काय लिहू?
– एक वाचिका, अलकापुरी

उत्तर : यासाठी ‘जीट्यूब’ नावाची ठरावीक अक्षरांची ६८ अक्षरी ओळ आहे. ती मेलच्या मजकुरात एका ओळीत, मध्ये जागा न सोडता घालून बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःला पाठवायची. स्पॅमअसॅसिन तिला १००० गुण देतं. ती ओळ पुस्तिकेत जशीच्या तशी छापा, पण वेगळ्या मजकूर-फाइलमध्येही ठेवा, कारण छापील कागदावरून हाताने उतरवताना एक अक्षर चुकलं तरी चाचणी फसते. आणि ती फाइल मेलने कोणाला पाठवू नका, ती वाटेतच अडकेल. पेन ड्राइव्हवर द्या.