जुनी मारुती ओम्नी चढाला दम टाकते?

मित्रा, मेकॅनिक म्हणाला म्हणून लगेच इंजिन खोलू नकोस. मुळात ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. सात माणसं भरून खंबाटकी चढताना ते कुरकुरणारच.

आधी सपाट जागी न्यूट्रलला टाकून गाडी हाताने ढकल. जड गेली तर ब्रेक धरतायत. दहा किलोमीटर चालवून ये आणि प्रत्येक चाकाजवळ हात ने (लावू नकोस, भाजेल). एकच चाक तापलं असेल तर चोर सापडला. माझ्या गाडीत हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, आणि मी शहाणा दोनदा कार्बोरेटर साफ करून बसलो!

गाडी मोकळी ढकलली जात असेल तर पुढची सीट उचल, इंजिन तिथेच आहे. एअर आणि पेट्रोल फिल्टर सरळ बदल. मग इंजिन बंद ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांग. थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) पूर्ण उघडतो का ते डोळ्याने बघ. ॲक्सिलरेटरची जुनी केबल ताणलेली असते. चोकही (थंड गाडी सुरू करताना ओढतो तो) पूर्ण परत जायला हवा. स्पार्क प्लगवर काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय.

इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही? क्लच घसरतोय.

यातलं काहीच नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घे, आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून माग.