वाचकांचे प्रश्न : शाळेतली सकाळची न्याहारी

प्रश्न : जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट ६०. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील सकाळी सातलाच घर सोडतात आणि मुलं उपाशी येतात, म्हणून गावाच्या वर्गणीतून न्याहारी सुरू केली. पहिल्या तासानंतर, पावणेअकराला देतो. आता दुपारचा आहार उरायला लागला आहे. न्याहारी बंद करावी का?
— मुख्याध्यापिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बंद करू नका, वेळ बदला. पावणेअकराला पोट भरलेलं मूल एक वाजता जेवणार नाही, आणि ज्या पहिल्या तासासाठी तुम्ही हा खटाटोप केलात तो तास तर त्याने उपाशीच काढला. परिपाठात उभं राहिल्यावर मुलांना येणारी घेरी पुष्कळदा रिकाम्या पोटाचीच असते. शाळा दहाची असेल तर ताटल्या नऊ-चाळीसला मांडा, परिपाठ त्यानंतर घ्या. न्याहारी आणि जेवण यांत तीन तास जाऊ द्या. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी योजना सुरू केली, तीही शाळा भरण्याआधीच वाढली जाते.

त्यासाठी स्वयंपाकी ताईंना सव्वाआठला यावं लागेल. त्या वाढीव वेळेचं मानधन वर्गणीतून आधी बाजूला काढा. हे ठरलं नाही, तर महिन्याभरात वेळ पुन्हा घसरते. कोरडं सामान आदल्या संध्याकाळी मोजून डब्यात ठेवावं. भाज्या मात्र सकाळीच चिराव्यात.

न्याहारीत मुलामागे २०० ते २५० उष्मांक आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं पुरेत. दुपारच्या आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. न्याहारी त्याच्या वर हवी, त्यातून कापून नव्हे. म्हणूनच पोषण आहाराच्या तांदळाला हात लावू नका. त्याची नोंदवही वेगळी, न्याहारीची वेगळी.

प्रश्न : घरी चांगला होणारा उपमा शाळेच्या पातेल्यात गिच्च गोळा होतो. ६० मुलांचं प्रमाण द्याल का?
— स्वयंपाकी-मदतनीस, सातारा जिल्हा

उत्तर : रवा २ किलो ४०० ग्रॅम, शेंगदाणे ६०० ग्रॅम, तेल ३०० ग्रॅम, गाजर-मटार-कांदा मिळून दोन किलो, मीठ साधारण ६० ग्रॅम. पाणी साडेआठ लिटर. घरी आपण वाटीला तीन वाट्या पाणी घालतो, कारण छोट्या कढईतून वाफ भराभर जाते. मोठ्या पातेल्यात त्या मानाने पाणी फार कमी आटतं, तिथे रव्याच्या अडीच पटच घ्यावं, वजनाने नव्हे, वाटीच्या मापाने. तुमचा गोळा बहुधा इथेच होतो.

दुसरं कारण कच्चा रवा. अडीच किलो रवा एकदम भाजायला घेतला तर तळचा करपतो आणि वरचा पांढराच राहतो. दोन घाण्यांत, मंद आचेवर, प्रत्येकी बारा-पंधरा मिनिटं भाजा. पाणी खळखळून उकळल्यावर एकीने रवा धारेने सोडावा, दुसरीने ढवळत राहावं. एकटीने करायचं काम नाही हे. मग झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं वाफ द्या.

उपमा उतरल्यापासून अर्ध्या तासात वाढायला हवा, त्यानंतर तो घट्ट बसतो. उशीर होणार असेल तर अर्धा लिटर गरम पाणी हाताशी ठेवा आणि वाढताना थोडं थोडं शिंपडून हलवा. मुलाला साधारण २०० ग्रॅम येतो. त्या मापाची एकच पळी ठरवा; पळी बदलली की शेवटच्या पाच मुलांना कमी पडतं. शेंगदाणे गाळू नका. ते काढले तर प्रथिनं एक तृतीयांशाने घटतात.

प्रश्न : मोड आलेल्या मटकीला वास येतो, बुळबुळीत होते. मटकी बंदच करावी का? — शिक्षक, जळगाव जिल्हा

उत्तर : जळगावच्या उन्हाळ्यात मटकीला मोड आणि कुबट वास यांत काही तासांचंच अंतर असतं. ६० मुलांना कोरडी मटकी १ किलो २०० ग्रॅम. बुधवारी करायची असेल तर उन्हाळ्यात मंगळवारी पहाटे भिजत घाला, दुपारी दोनला उपसा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि सैल फडक्यात बांधून टांगा. बुधवारी सकाळी मोड तयार. थंडीत सोमवारी रात्रीच भिजत घालावी लागते. स्टीलच्या डब्यात दाबून भरलेली मटकी आत तापते, हवा मिळत नाही आणि सडते. वास आलेली मटकी धुऊन वापरू नका, टाकून द्या.

उसळ पूर्ण शिजवा. मोडांच्या उबेत जंतूही वाढतात, म्हणून शाळेत कच्ची भेळ नको. सोबत १ किलो ८०० ग्रॅम जाडे पोहे, चाळणीत किलो-किलोने भिजवून, वाफवून. वाढताना लिंबू पिळाच. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. चहा त्याच्या उलट वागतो. मुलं घरून चहा पिऊन येत असतील तर पालकसभेत हे सांगा.

प्रश्न : शाळेला एक उद्योजक दरमहा बिस्किटांचे पुडे देऊ करतात. घ्यावेत का? — शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, ठाणे जिल्हा

उत्तर : देणगी घ्या, बिस्किटं नकोत. त्यांना लाडवांसाठी शेंगदाणे आणि गूळ मागा. मैदा, साखर आणि तेल यांनी भूक तासभर दबते. शिवाय ज्या दिवशी गॅस संपतो किंवा ताई आजारी पडतात, त्या दिवशी लाडू हाताशी असतो. ६० लाडवांना १ किलो २०० ग्रॅम शेंगदाणे, ६०० ग्रॅम चिरलेला गूळ. दाणे मंद भाजा, सोला, जाडसर कुटा. पाण्याचा थेंब नको. कोरड्या डब्यात पाच-सहा दिवस टिकतात. एका लाडवात सुमारे १५० उष्मांक आणि पाच ग्रॅम प्रथिनं.

भाजण्याआधी दाणे परातीत पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले वेचून काढा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पुरतं जात नाही. अंगणवाडीतली लहानगी याच पंगतीला बसत असतील तर त्यांना अख्खे दाणे कधीही देऊ नका, घशात अडकतात. कोणाला दाण्याची ॲलर्जी आहे का हे पालकांना आधी विचारा.

लाडवासोबत नाचणीची आंबील छान जाते : पीठ ९०० ग्रॅम, गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात, एकूण १० लिटर; उतरवून कोमट झाल्यावर दोन लिटर ताक. ताक आगीवर घातलं की फाटतं. नुसत्या आंबिलीवर भागवू नका. पोट भरल्यासारखं वाटतं, पण पेल्यात जेमतेम ५० उष्मांक असतात.

प्रश्न : वर्गणी अपुरी आहे. फक्त गरजू मुलांनाच न्याहारी द्यावी का? — सरपंच, पालघर जिल्हा

उत्तर : नको. यादी वाचली की ज्याला सर्वांत जास्त भूक आहे तेच मूल लाजेने मागे राहतं. पैसे तीनच दिवसांचे असतील तर तीन दिवस सगळ्यांना द्या, आणि त्यांत सोमवार असू द्या.