युद्धविराम होणार नाही, यावर 5 लाख लावावेत का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय 34, पुण्यात नोकरी, घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. वडिलांची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. माल निर्यातदारामार्फत रॉटरडॅमला जातो. मित्राच्या सांगण्यावरून पॉलीमार्केट या ऑनलाइन अंदाज-बाजारात 60 हजार लावले, त्याचे 84 हजार झाले. आता 5 लाखांचा बोनस हाती आला आहे. पश्चिम आशियातला युद्धविराम अमुक तारखेपर्यंत होईल का, या करारातला 'नाही' 94 सेंटला मिळतो आहे (युद्धविराम झाला नाही तर त्याचा 1 डॉलर होतो, झाला तर शून्य) आणि चार महिन्यांत त्याचा 1 डॉलर होईल अशी खात्री वाटते. शिवाय युद्ध लांबलं की तांबड्या समुद्राचा मार्ग बंद राहून बागेला फटका बसतो, म्हणून हे हेजिंगच, म्हणजे एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून काढणंच झालं, असं त्यांचं म्हणणं. पत्नीला हे पटत नाही. माणसं मरत असताना त्यावर पैसे लावू नयेत, असं तिचं मत आहे. 'माझ्या पैशाने युद्ध थांबत नाही की वाढत नाही, मग चूक काय?' असं त्यांनी विचारलं आहे.

पाच लाख नकोत, आणि 'मग निदान पन्नास हजार' हेही नको. रक्कम कमी केल्याने सुटेल असा हा प्रश्न नाही.

आधी हिशेब करू, कारण तुमचा सगळा भर त्या 94 सेंटवर आहे. करार जिंकला तर 94 वर 6 सेंट सुटतात, म्हणजे पाच लाखांवर 31,915 रुपये. अशा कमाईवर आपल्याकडे सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. 9,957 रुपये तिथे गेले. उरले 21,958. तुम्ही रुपये देऊन अनोळखी माणसाकडून यूएसडीटी घेता, त्याचे यूएसडीसी करता (दोन्ही डॉलरच्या भावाशी बांधलेली डिजिटल नाणी) आणि परत येताना हाच फेरा उलटा मारता. जाता-येता मिळून 3 टक्के गेले असं धरलं तर आणखी 15 हजार. हातात जेमतेम 7 हजार राहतात. याच पाच लाखांची चार महिन्यांची मुदत ठेव साडेपाच टक्क्यांनी केली आणि तुम्हाला 30 टक्क्यांचा स्लॅब लागला, तरी कर जाऊन 6,300 रुपये मिळतात, वर 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण. सहा-सातशे रुपयांच्या फरकासाठी अख्खी मुद्दल पणाला लागते आहे.

आणि हे सगळं 94 सेंटलाच माल मिळाला तर. पाच लाखांची ऑर्डर एकदम टाकलीत तर त्या भावाला तेवढे विकणारे असतीलच असं नाही. काही 94 ला, काही 95 ला, उरलेले 97 ला मिळतील. सरासरी साडेपंचाण्णवला गेली की जिंकूनही करापूर्वीची कमाई पावणेपाच टक्क्यांच्या आत येते. हरलात तर एका हरण्यात जवळजवळ सोळा जिंकण्यांची कमाई धुऊन जाते. जिंकलेल्यावर कर भरला आणि तोट्याची वजावट मिळाली नाही, तर तेवीस जिंकण्यांची. पगारातून किंवा शेअरच्या नफ्यातून हा तोटा वजा करता येत नाही. युद्धाच्या करारात भाव हळूहळू उतरत नाही. रात्री दोन वाजता कुणीतरी घोषणा करतो आणि सकाळपर्यंत 94 चे 15 झालेले असतात. शेअर बाजारासारखं पडता भाव रोखणारं सर्किट नाही, बाजार बंद होण्याची वेळ नाही. तुमच्या 60 हजारांचे 84 हजार झाले ते चार-पाच करारांवर. तेवढ्यावरून तुम्हाला यातलं कळतं असा निष्कर्ष काढू नका.

आता हेजिंग. हा मुद्दा मी गांभीर्याने घेतो, कारण द्राक्षवाल्याचं युद्धाशी खरंच देणंघेणं आहे. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर न्हावा शेवाहून युरोपला जाणारे रीफर (शीत) कंटेनर आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागले. प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं, आणि पेटीतल्या मालाचे देठ तपकिरी पडले, मणीगळ वाढली की तिकडच्या खरेदीदाराने दर पाडला. पण तुमचा करार या नुकसानीला बांधलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये गाझात युद्धविराम झाला, तरी मोठ्या जहाज कंपन्या लगेच सुएझकडे वळल्या नाहीत. त्या हंगामातला बराचसा माल केपवरूनच गेला. तसं पुन्हा झालं तर तुमचा 'नाही' शून्यावर येईल आणि बागेचं भाडंही चढंच राहील. दोन्हीकडून मार. हेज म्हणजे एकीकडचं नुकसान दुसरीकडे भरून निघायला हवं.

विमा आणि पैज यांतली रेघ हीच आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये लोक परक्या माणसांच्या आयुष्यावर विमा काढून अक्षरशः त्यांच्या मरणावर पैजा लावत. 1774 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून सांगितलं की ज्या जीवात तुमचा आर्थिक हितसंबंध नाही त्यावर विमा नाही. जहाज बुडालं तर ज्याचं नुकसान होतं त्याने विमा घ्यायचा. बाकीच्यांना त्या बुडण्यात पैसे मिळता कामा नयेत. युद्धाच्या करारात ही अटच नाही.

बागेचं संरक्षण हवं असेल तर निर्यातदाराशी बोलताना तीन गोष्टी विचारा. माल किमान हमी दराने घेतला आहे की तिकडे विकला जाईल त्या भावाने? दुसऱ्या प्रकारात उशिराचा सगळा तोटा बागायतदाराच्या गळ्यात येतो. मालाच्या विम्यात युद्धाची वेगळी कलमं घेतली आहेत का? सागरी मालविम्याच्या नेहमीच्या 'ए' कलमांत सगळी जोखीम आहे असं लोक समजतात, पण युद्ध त्यातून वगळलेलं असतं. युद्धाची कलमंही माल जहाजावर असतानाच लागू असतात, जमिनीवर नाही. तिसरं, केवळ उशिरामुळे झालेलं नुकसान या कलमांत भरून मिळत नाही, मग उशिराची वाटणी करारात कशी लिहिली आहे? चार एकरवाल्याला हे एकट्याने जमणार नाही, गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत जमतं. तुमच्या अभ्यासू वृत्तीचा वडिलांना खरा उपयोग इथे आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पाच लाखांनी क्षेपणास्त्र सुटत नाही, हे खरं. पण हा पैसा जातो कुठे ते बघा. तुमचे 94 आणि समोरच्याचे 6 मिळून एक डॉलर होतो. बाहेरून त्यात काही येत नाही, काही उत्पादन होत नाही. ज्याला माहीत नाही त्याचे पैसे ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जातात. आणि युद्धाच्या बाबतीत ज्याला आधी माहीत असतं तो कोण? हल्ल्याची वेळ ठरवणारा, ती वेळ कागदावर टाइप करणारा, विमानात इंधन भरणारा. 3 जानेवारी 2026 ला अमेरिकेने व्हेनेझुएलात तिथले राष्ट्राध्यक्ष मादुरो यांना पकडलं. त्याच्या काही तास आधी एका नव्या खात्याने ते सत्तेवरून जाणार यावर 30 हजारांहून अधिक डॉलर लावून ठेवले होते. त्याचे 4 लाखांवर झाले. फेब्रुवारी 2026 मध्ये इस्राएलमध्ये एका राखीव सैनिकावर आणि एका नागरिकावर गोपनीय लष्करी माहिती वापरून पॉलीमार्केटवर पैसे लावल्याचा आरोप ठेवला गेला.

शेअर बाजारात आतल्या माहितीवर कुणी कमावलं तर तुमच्या-माझ्यासारख्याचा तोटा होतो आणि सेबी मागे लागते. इथे त्याहून वाईट आहे. हल्ल्याच्या आदल्या रात्री भाव वर सरकला तर तो सगळ्या जगाला दिसतो, ज्याच्यावर हल्ला होणार त्यालाही. गुपित फोडण्याचं बक्षीस पैजेच्या पैशांच्या भांड्यात साठलेलं असतं आणि ते भांडं तुमच्यासारख्या हजारो सभ्य माणसांनी भरलेलं असतं. 'माझ्या पैशाने काही होत नाही' हे एकट्यापुरतं खरं आहे; भांडं मात्र अशाच पैशांनी भरतं.

नुसतं गुपितच नाही, नोंदही बिघडते. युक्रेनमधलं अमुक गाव रशियाने घेतलं का, हे ठरवायला अनेक करारांनी वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर या संस्थेचा नकाशा प्रमाण मानला होता. नोव्हेंबर 2025 मध्ये मिर्नोह्राद या शहराच्या करारावर पैसे चुकते होण्याच्या सुमारास त्या नकाशात रशियाची आगेकूच दाखवणारा फेरफार झाला आणि नंतर नाहीसा झाला. हा बदल मंजुरीविना झाला, असं संस्थेनेच कबूल केलं. घरदार सोडून पळालेली माणसं जो नकाशा बघतात, त्यावर पैजेचा हात पडल्याचा संशय आला.

शिवाय चार महिने तुमच्या घरात काय चालेल ते बघा. तुम्ही रोज फोन उघडाल आणि वाटाघाटी फिसकटल्याची बातमी दिसली की तुम्हाला हायसं वाटेल. ओलिसांच्या सुटकेची तारीख ठरली की पोटात गोळा येईल. तुमच्या पत्नीला हे आधीच दिसलं आहे. हा भाबडेपणा नाही. जुलै 2003 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पश्चिम आशियातल्या हल्ल्यांवर आणि सत्तापालटांवर असाच बाजार काढायचं ठरवलं होतं. दोन सिनेटरांनी तो चव्हाट्यावर आणल्यावर दुसऱ्याच दिवशी गुंडाळावा लागला. तिथल्या वायदे नियामकाच्या नियमांत आजही युद्ध, दहशतवाद आणि राजकीय हत्या यांवरचे करार नोंदणीकृत बाजारांना वर्ज्य आहेत.

अशा बाजारांतून समाजाला चांगला अंदाज मिळतो, हा युक्तिवाद पोकळ नाही. निवडणुकीच्या किंवा व्याजदराच्या बाबतीत मी तो ऐकून घेईन. पण अंदाज वर्तवण्याचीच आवड असेल तर मेटाक्युलससारख्या ठिकाणी पैसे न लावता ते करता येतं. आणि 'माझ्या म्युच्युअल फंडातही संरक्षण कंपन्या आहेत' असं म्हणाल, तर तो वेगळा प्रश्न आहे. तिथे तुम्ही कारखान्याचे भागीदार असता, नफा मालाच्या विक्रीतून येतो. नको वाटत असेल तर त्या कंपन्या नसलेला फंड निवडा.

पैसे चुकते कसे होतात, हेही जाणून घ्या. निकाल घटनेवर नाही, नियमांच्या मजकुरावर लागतो. कुणीतरी अनामत ठेवून निकाल सुचवतो, ठरलेल्या वेळेत आक्षेप आला नाही तर तोच पक्का. आक्षेपांवर आक्षेप आले तर यूएमए नावाच्या टोकनचे धारक मतदान करतात. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचं मत जड. मार्च 2025 मध्ये युक्रेन-अमेरिका खनिज करार झालेला नसताना 'झाला' असा निकाल लागला, कारण एका बड्या धारकाने सुमारे 50 लाख टोकनांचं मत टाकलं. जवळपास 70 लाख डॉलरचा तो बाजार होता. निकाल अपेक्षेप्रमाणे नाही हे कंपनीने मान्य केलं, पैसे परत केले नाहीत. प्रत्यक्ष करारावर सह्या 30 एप्रिलला झाल्या. तुमच्या 'युद्धविरामा'ची व्याख्या काय आहे? मानवीय विराम धरतात का? एका बाजूने जाहीर केलेला चालतो का? तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचे असे खेळ चालवणं, परदेशातून पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे वळते करणं गुन्हा ठरवलं आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सेबीने 29 एप्रिल 2025 ला स्पष्ट केलं होतं की असे मंच तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे गुंतवणूकदार म्हणून कोणतंही संरक्षण नाही. करार कायद्याच्या 30 व्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक असतो, आणि जुन्या मुंबई प्रांतासाठी 1865 साली झालेल्या कायद्याने पैजेला पूरक व्यवहारही तसेच. म्हणजे मित्राच्या खात्यातून पैसे लावले असतील आणि त्याने ते परत दिले नाहीत, तर कोर्टात तुमची बाजू फार लंगडी.

आता बाहेर कसं पडायचं. आज चालू असलेले करार बाजारभावाने विका, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. शिल्लक यूएसडीसी अनोळखी माणसाला विकू नका. तो तुमच्या पगाराच्या खात्यात जे पैसे टाकेल ते कुणाला फसवून मिळवलेले असले आणि त्या फसलेल्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तुमचं खातं गोठतं आणि ते सोडवायला परराज्यातल्या पोलिस ठाण्याशी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागतो. वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर, तुमच्या पॅनच्या खात्यात ते आणा. पाठवण्यापूर्वी एक्सचेंज पॉलिगॉन नेटवर्कवरून (पॉलीमार्केटचे पैसे ज्या नेटवर्कवर असतात) हेच नाणं घेतं का ते तपासा. नेटवर्क चुकलं तर पैसे अडकतात, कायमचे जाऊही शकतात. आधी दहा डॉलर पाठवून बघा. विकताना 1 टक्का टीडीएस कापला जाईल, तो 26एएसमध्ये दिसला पाहिजे. प्रत्येक व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), तारीख आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव एका एक्सेल शीटमध्ये उतरवा, मित्राला पैसे दिले असतील तर त्यांच्या नोंदीही, आणि हे सगळं घेऊन विवरणपत्र भरण्याच्या पुष्कळ आधी सीएकडे जा.

24 हजारांच्या नफ्यातून 31.2 टक्के कर जाऊन साधारण साडेसोळा हजार उरतील. ते घरात घेऊ नका, युद्धग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्या, असं माझं मत आहे; ठरवा दोघांनी मिळून. बोनसच्या पाच लाखांतून आधी क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची बाकी शून्य करा. मग सहा महिन्यांचा घरखर्च लिक्विड फंडात आणि ठेवीत विभागून ठेवा. तुमचा मुदत विमा वार्षिक उत्पन्नाच्या पंधरा पटींपेक्षा कमी असेल तर तो वाढवा. उरलेले दर महिन्याला थोडे थोडे इंडेक्स फंडात. वडिलांचं पीककर्ज मुदतीपूर्वी फेडायची घाई करू नका. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत फेडलं तरच व्याजातली जादा सवलत मिळते, म्हणून देय तारीख चुकू देऊ नका आणि तेवढी रक्कम त्या तारखेच्या आठवडाभर आधी खात्यात ठेवा.