न्हाणीघरात मोठी, चकचकीत टाइल बसवावी का?

प्रश्न : आमच्या घराचे नूतनीकरण सुरू आहे. दिवाणखान्यासाठी ६०० × १२०० मिलिमीटरची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल पसंत केली असून, घर एकसारखे दिसावे म्हणून तीच न्हाणीघराच्या जमिनीलाही बसवावी, असा विचार आहे. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच टाइल बसवता येईल, असे मिस्त्री म्हणतात. हे योग्य ठरेल का?

उत्तर : दिवाणखान्यासाठी तुमची निवड चांगली आहे, न्हाणीघराच्या जमिनीसाठी मात्र ती टाळावी. व्हिट्रिफाइड टाइलचे जलशोषण साधारणपणे ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसते, त्यामुळे ती ओल्या जागी टिकते हे खरे. पण टाइलमध्ये पाणी न मुरणे आणि ओल्या टाइलवरून पाय न घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात कोरड्या नमुन्यावरून हात फिरवून याचा अंदाज येत नाही. नमुना जमिनीवर ठेवून त्यावर साबणाचे पाणी टाका आणि आधार धरून अनवाणी पाऊल घासून पाहा, म्हणजे मॅट (चमक नसलेल्या) आणि चकचकीत टाइलमधला फरक लगेच कळेल.

उताराची अडचण याहून मोठी आहे. न्हाणीघरात जाळीकडे दर मीटरला साधारण १० ते १५ मिलिमीटर उतार द्यावा लागतो आणि तो बहुधा एकाहून अधिक बाजूंनी येतो. लहान टाइल हा उतार सहज घेते. मोठी टाइल वाकत नसल्याने तिचा कोपरा वर राहतो किंवा ती तिरकी कापावी लागते, आणि सांध्याजवळ पाणी साचते. म्हणून जमिनीला त्याच रंगातली ३०० × ३०० मिलिमीटरची किंवा त्याहून लहान मॅट टाइल घ्यावी. सांधे वाढतील, पण पायाला पकडही तेवढीच वाढेल, आणि ते इपॉक्सी ग्राउटने (सांधे भरण्याच्या राळयुक्त मिश्रणाने) भरले तर फारसे काळवंडणार नाहीत. भिंतींना मात्र मोठी टाइल खुशाल लावा.

जुन्या फरशीवर काम करण्याला माझा सरसकट विरोध नाही. आधी काठीने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येईल तिथली फरशी काढलीच पाहिजे. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही टाइल पाणी शोषत नसतील तर नुसत्या सिमेंटच्या लगद्याची पकड बसत नाही, त्यामुळे पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्हच (टाइल चिकटवण्याचा तयार मसाला) वापरावे. जमीन १० ते १५ मिलिमीटर उचलली जाईल, तेव्हा दारे खालून तासावी लागतील, हेही मिस्त्रींना आधीच विचारून घ्या. न्हाणीघरात मात्र ही सवलत घेऊ नये. विशेषतः खालच्या छताला ओल दिसत असेल, तर फरशी उखडून जलरोधक थर नव्याने देणे आणि टाइल बसवण्याआधी निदान २४ तास पाणी भरून तो तपासणे, याला पर्याय नाही.

खरेदी करताना सर्व खोक्यांवरचा शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करावी आणि कापण्यात वाया जाणाऱ्या टाइलसाठी सुमारे १० टक्के माल जास्त घ्यावा. उरलेल्या टाइल परत करू नयेत, कारण पुढे नळदुरुस्तीसाठी एखादी फोडावी लागली तर तीच छटा मिळणे कठीण असते.