मुंबईच्या किनाऱ्यावरची स्मारके: एका नवलेखकास पत्र

लष्कर, ग्वाल्हेर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मुंबईतील नौदलाच्या आणि खलाशांच्या स्मारकांवर लिहायचे तू ठरवलेस, आणि त्यासाठी गेटवेपासून पायीच निघणार आहेस, हे योग्यच आहे. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे आपण हात जोडतो, तेव्हा त्यांचा देह याच भूमीत अग्नीला दिला गेला ही जाणीव मनात असते. समुद्रात बुडालेल्या माणसाच्या स्मारकाखाली मात्र काहीच नसते. त्यामुळे ते कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कुठे उभारले, हे प्रत्येक ठिकाणी आधी टिपून घे. शिल्पाचे वर्णन त्यानंतर करता येईल.

कुलाब्यात कूपरेजजवळ नाविकांच्या उठावाचे स्मारक आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या तळावरील नाविकांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. स्मारक उभे राहिले २००१ मध्ये. शिस्त मोडणाऱ्यांचा गौरव करणे कोणत्याही सैन्यदलाला जड जाते, म्हणून या दोन्ही तारखा लेखात शेजारी-शेजारी दे.

पुढे नौदल गोदीच्या लायन गेटसमोर ‘विक्रांत’चे स्मारक त्याच जहाजाच्या धातूतून घडवलेले आहे. १९६१ ते १९९७ नौदलाच्या सेवेत राहिलेली ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये मोडीत निघाली. (तिचा थोडा धातू एका मोटारसायकलीतही गेला, त्यावर विनोद करण्याचा मोह आवर.) तेथे गोदीच्या दिशेने कॅमेरा रोखू नकोस, मनाई असते.

बॅलार्ड इस्टेटमध्ये ‘सिंदिया हाउस’ दिसेल. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज आपल्या ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पहिल्या महायुद्धात विकत घेतले, त्याचे रुग्णालय-जहाज केले आणि ‘लॉयल्टी’ असे त्याचे नाव ठेवले. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या कंपनीने ते घेतले, कंपनीलाही शिंद्यांचेच (इंग्रजीत ‘सिंदिया’) नाव दिले, आणि ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळतात. आपल्या मंडळाच्या वाचकांना हा परिच्छेद सर्वांत आवडेल, म्हणूनच तो आखूड ठेव.

बहुतेक हौशी मंडळी येथूनच परत फिरतात. तू मात्र मस्जिद बंदरच्या खलाशी-गृहापर्यंत जा. पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या, ज्यांना दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील नाविकांची आणि व्यापारी जहाजांवरील खलाशांची नावे, सहा हजारांच्या आसपास, एका नोंदवहीत आहेत; तिची दुसरी प्रत चितगावला ठेवलेली आहे, कारण यातील असंख्य माणसे पूर्व बंगालची होती. इतर कोकणातली, गोव्याची, काठेवाडची. जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले, खलाशांचे मुकादम म्हणजे सारंग, त्यांच्या हाताखालचे तांडेल, स्वयंपाक करणारे भंडारी असे हे लोक होते. इंग्रज खलाशापेक्षा त्यांना पगार फार कमी मिळे, आणि पाणतीर (टॉर्पेडो) लागल्यावर तळातल्या आगवाल्याला वर येण्याइतकी फुरसतही क्वचितच मिळत असे. गणवेशातल्या वीरांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण रत्नागिरीकडून निघालेल्या या मराठी-कोकणी बोलणाऱ्या माणसांविषयी मराठीतच फार थोडे आहे. माझ्या मते लेखाची निम्मी जागा त्यांना द्यावीस, मग ‘विक्रांत’ चार ओळींत आटोपली तरी चालेल.

खलाशी-गृहात शिरण्यापूर्वी कचेरीत रीतसर परवानगी माग आणि नोंदवही पाहू दिली तर नावे जशी लिहिली आहेत तशीच उतरवून घे, स्पेलिंग विचित्र वाटले तरी आपल्या मनाने सुधारू नकोस. कच्चा खर्डा संपादकांकडे जाण्याआधी मला पाठव.

तुझा,
काका